सह्याद्रीचा पॅनोरमा काढायचाय? वाइड लेन्स बॅगेतच राहू दे

ट्रेकला निघताना कुणालाही विचारा की बाबा लँडस्केपसाठी कुठली लेन्स घेऊ, ठरलेलं उत्तर येतं, वाइड घे, म्हणजे रुंद दृश्य मावणारी. त्यात काही विचारच करायचा नसतो असा सूर असतो. हिमालयात ते बरोबर असेलही, तिथं डोंगर मान वर करून बघावे लागतात. पण आपल्या सह्याद्रीत हा सल्ला म्हणजे डोंगरांवर चक्क अन्याय आहे असं माझं पक्कं मत आहे आणि आज तेच जरा सविस्तर लिहितोय, थोडं गणित येईल, सहन करा.

कळसूबाईचं उदाहरण घेऊ, कारण ते सगळ्यांनी पाहिलेलं असतं आणि नसेल पाहिलं तर बारी गावातून शिड्या चढून कुणीही पाहू शकतं. उंची १६४६ मीटर, महाराष्ट्रात याहून उंच काही नाही. आणि तिथंच तर गोची आहे ना. तुम्ही सगळ्यात उंच जागी उभे, म्हणजे बाकी सगळे डोंगर तुमच्या नजरेच्या खाली. रतनगड सरळ रेषेत दहा किलोमीटरवर, त्याचा माथा नजरेच्या आडव्या रेषेपासून जेमतेम दोन अंश खाली. अलंग-मदन-कुलंग हे तीन किल्ले त्याहून जवळ, तेही एक-दीड अंश खाली. उत्तरेला नाशिकच्या पलीकडची सातमाळा रांग, सप्तशृंग, धोडप, ती नव्वद किलोमीटरवर आणि अर्धा अंश खाली. म्हणजे तुम्हाला जे जे माथे ओळखायचे असतात ते सगळे मिळून दोन-अडीच अंशांच्या पट्टीत बसतात. आता क्रॉप सेन्सरच्या, म्हणजे जरा लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर १८ एमएमची लेन्स आडवी धरली तर फ्रेमची उंची सत्तेचाळीस अंश असते. करा भागाकार. फोटोचा विसावा भाग डोंगर आणि बाकी सगळं आकाश नाहीतर पायाखालचं गवत. डोळ्यांना समोर अख्खी रांग छाती काढून उभी दिसत असते आणि घरी येऊन फोटो उघडला की मधोमध पेन्सिलीने ओढलेली एक रेघ. मग लोक म्हणतात, फोटोत तेवढी मजा येत नाही रे, प्रत्यक्ष बघायला पाहिजे. प्रत्यक्ष तर बघायलाच पाहिजे, पण फोटोत मजा येत नाही ही चूक डोंगराची नाही.

२०० एमएमला, म्हणजे लांबचं जवळ आणणाऱ्या टेलिफोटो लेन्सवर, तोच कॅमेरा उभा धरला की फ्रेमची उंची होते साडेसहा अंशांच्या थोडी वर. माथ्यांची पट्टी आत बसते, वर जरासं आकाश, खाली कडे, पायथ्याची गावं, भाताची खाचरं, सगळं येतं. फक्त रुंदी मिळते साडेचार अंश. म्हणून मग एकाला एक जोडत जायचं. बस, टेलिफोटो पॅनोरमा म्हणजे एवढंच. मोठी कल्पना काही नाही, चिकाटी लागते.

आपल्या डोंगरांचा स्वभावच असा आहे की त्यांना हे मानवतं. सगळा बेसॉल्ट. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरांवर थर पसरले, ते पसरले आडवे, आणि नंतर पाण्याने जे कापून नेलं ते नेलं, उरलं ते म्हणजे आपले किल्ले. वाइडमध्ये हे कळतच नाही. लांब लेन्सने काढलेल्या पट्टीत मात्र अलंगच्या कड्यातली एक काळी पट्टी बघायची आणि मग नजर सरकवत मदनवर जायचं, तिथंही साधारण त्याच उंचीवर तशीच पट्टी, मध्ये दरी आहे पण थर काही थांबलेला नाही, पुढे कुलंगवर परत. पहिल्यांदा हे स्क्रीनवर दिसलं तेव्हा मी जेवायचं विसरून तिन्ही किल्ल्यांचे थर जुळवत बसलो होतो. भूगोलाच्या पुस्तकात डेक्कन ट्रॅप म्हणून दोन ओळी असतात, त्या दोन ओळी इथं शब्दशः दिसतात.

आणि किती बारीक दिसतं याचा हिशोब सांगतो. चोवीस मेगापिक्सेलचा साधा क्रॉप सेन्सर, २०० एमएम, रतनगड दहा किलोमीटरवर. एक पिक्सेल म्हणजे तिथली वीस सेंटिमीटर जागा. म्हणजे रतनगडावर कुणी उभं असेल तर ते गृहस्थ सात-आठ पिक्सेल उंच येणार. चेहरा सोडा, पण माणूस आहे एवढं कळेल. १८ एमएममध्ये एक पिक्सेल सव्वादोन मीटरचा, त्यात अख्खा माणूस एका ठिपक्यात जिरला. रतनगडाचा खुटा, तो बाजूला उभा असलेला सुळका, वाइडमध्ये तो असून नसल्यासारखा, टेलीत त्याच्या कडेवर उजेड कुठं संपतो आणि सावली कुठं सुरू होते ते मोजता येतं.

हे सगळं कागदावर हां. मधली हवा काय म्हणते त्यावर सगळं आहे, आणि खरं सांगायचं तर या प्रकारात लेन्स-बिन्स दुय्यम, हवा हाच खरा विषय आहे. लोक लेन्सवर पैसे घालतात आणि मार्चमध्ये फोटो काढायला जातात. मार्चमध्ये काय असतं? वणवे. डोंगरच्या डोंगर पेटलेले असतात, रात्री बघायला लांबून भारी वाटतं पण सकाळी धूर खोऱ्यात बसलेला असतो. एप्रिल-मेमध्ये राब भाजणी सुरू होते, अकोले-इगतपुरीपासून खाली मावळ-कोकणापर्यंत भाताच्या रोपांची जागा भाजून तयार करतात, पालापाचोळा, शेण, फांद्या सगळं जळतं, धूर तर होणारच, शेतकऱ्याचं काम आहे ते, आपल्या फोटोसाठी थांबणार नाहीत. शिवाय उन्हाने तापलेली धूळ. त्यामुळे उन्हाळ्यात रतनगड दिसला तरी नशीब समजा, सातमाळा वगैरे विसरा. अपवाद एकच, अवकाळी. संध्याकाळी वळीव बदाबदा कोसळला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आभाळ उघडलं तर एप्रिलमध्येसुद्धा अशी काही हवा मिळते की विश्वास बसत नाही. पण ती दुपारपर्यंत टिकत नाही, आणि त्या रात्री तुम्ही पायथ्याला असायला हवं, म्हणजे योगच.

हिवाळा सगळ्यांना आवडतो, थंडी, स्वच्छ आकाश वगैरे. आकाश स्वच्छ असतं हो, वर. खाली नाही. थंडीत जमिनीलगतची हवा गार आणि वरची तुलनेने उबदार असा उलटा थर बसतो आणि तो झाकणासारखं काम करतो, गावातल्या चुलींचा, शेकोट्यांचा, गाड्यांचा सगळा धूर त्याखाली कोंडला जातो. कळसूबाईवरून डिसेंबरात पहाटे बघा, क्षितिजावर एक सरळ तपकिरी रेघ दिसते, वरती निळं, खालती मळकट, आणि त्या मळकटातून माथे तेवढे वर आलेले. हे दिसायला छान दिसतं, मूडवाला फोटो होतो, पण मला जे हवंय, म्हणजे कड्यातले थर, घळी, वाटा, ते त्यात गडप. ज्याला मूड पाहिजे त्याने हिवाळ्यात जावं, माझी काही हरकत नाही.

माझ्या मते खरी हवा मिळते ती सप्टेंबरच्या शेवटापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, पाऊस परतीच्या वाटेवर असताना. चार महिने हवा धुतली गेलेली असते, जमीन ओली म्हणून धूळ उडत नाही, काही जाळायची वेळ अजून आलेली नसते. दोन दिवस पाऊस आणि तिसऱ्या दिवशी उघडीप असा अंदाज दिसला की ऑफिसात काहीतरी कारण सांगायचं. सोनकी फुललेली असते, पिवळे उतार दिसतात, डोंगर हिरवे पण पावसाळ्यासारखे ढगात लपलेले नाहीत. धोका एकच, ढग. वर गेलात आणि धुक्यात दोन तास बसून खाली आलात असंही होतं, तेव्हा वरच्या झोपडीत कांदाभजी खायची आणि परतायचं.

हवा चांगली असली की माणूस किती लांबचं बघू शकतो याचे किस्से वाचायला मला फार आवडतात. गिनीजमध्ये सगळ्यात लांबचा म्हणून नोंदला गेलेला एक फोटो आहे तो मार्क ब्रेटचा, १३ जुलै २०१६ चा, स्पेन-फ्रान्सच्या सीमेवरच्या पिरेनीजमधून थेट आल्प्समधलं पिक गास्पार्ड शिखर, अंतर ४४३ किलोमीटर. असे फोटो सूर्योदयाच्या आसपास काढतात, शिखरांच्या मागचं आकाश उजळलं की शिखरं काळ्या कडेने उठून दिसतात, एरवी मधल्या धुरकटपणात ती दिसणारच नाहीत. आपल्याकडं आठवत असेल, २०२० च्या एप्रिलमध्ये लॉकडाऊनमध्ये जालंधरच्या गच्चीवरून लोकांना हिमालयातली धौलाधार रांग दिसायला लागली होती, सरळ रेषेत सव्वाशेक किलोमीटर असेल. डोंगर तिथंच होता, मधलं झाकण तेवढं निघालं.

यात अजून एक गंमत असते ती पृथ्वीच्या गोलाईची. धोडप कळसूबाईपासून जवळजवळ ९३ किलोमीटर. एवढ्या अंतरात जमीन साधारण ६८० मीटर खाली वाकते. पण उजेड हवेतून येताना जरासा वाकतो, जमिनीच्याच बाजूला, त्यामुळे त्यातले ऐंशी-नव्वद मीटर आपल्याला परत मिळतात. तरी धोडपचा जो डोंगर मुळात साडेचौदाशे मीटरच्या आसपास आहे तो आपल्याला साडेआठशेचा असल्यासारखा दिसतो. म्हणून सातमाळा रांग कळसूबाईवरून बुटकी वाटते, आणि म्हणून ज्यांनी ती रांग जवळून चढून पाहिलीय ते म्हणतात, हॅ, ही सातमाळा नसणार. तीच असते. उजेडाचं हे वाकणं धरूनच एकोणिसाव्या शतकात सर्व्हेवाल्यांनी मैदानातून शेकडो किलोमीटरवरच्या हिमशिखरांच्या उंच्या काढल्या, एव्हरेस्टची उंची राधानाथ सिकदारांनी मांडलेल्या हिशोबातूनच आली, तेव्हा आपण कॅमेऱ्यातल्या पट्टीला एवढं गणित लावलं तर काय बिघडलं.

आता वर पोचल्यावर काय करायचं ते. पहिली गोष्ट, कुठून कुठपर्यंत. पूर्ण गोल काढायचा मोह होतो, माझं म्हणणं आहे नको. ऑक्टोबरात सूर्य पूर्वेपासून जरासा दक्षिणेकडे सरकून उगवतो, त्या बाजूला लेन्स फिरवली की सगळं पांढरंफटक. त्यापेक्षा दक्षिणेला रतनगडापासून सुरू करायचं, आजोबा, मग पश्चिमेला अलंग-मदन-कुलंग, तिथून वायव्येला घोटी-इगतपुरीचा भाग, मागे अंजनेरी आणि ब्रह्मगिरी, ते चाळीस किलोमीटरवर, आणि शेवट उत्तरेला सप्तशृंग-धोडप. हे सगळं मिळून अर्ध्या वर्तुळाच्या जरा पुढे जातं आणि सूर्य कायम पाठीशी किंवा बाजूला. हरिश्चंद्रगड यात सुटतो, त्याचं वाईट वाटतं, त्याच्यासाठी दुपारनंतर वेगळं जायचं. पट्टा आणि औंढा ईशान्येला, सकाळी उजेडाच्या बाजूला म्हणून तेही सुटतात.

दुसरी गोष्ट, वेळ. सूर्य उगवल्यावर पहिला अर्धा तास कळसूबाईची स्वतःचीच सावली पश्चिमेला पडलेली असते, लांबलचक त्रिकोण, तो बघून घ्या, फोटो काढा पण पॅनोरमा नको, सावली सरकत असते आणि जोडताना दोन फ्रेममध्ये दोन ठिकाणी येते. त्यानंतरचा तास-दीड तास सोन्यासारखा. पुढे जमीन तापायला लागली की हवा थरथरते. डोळ्यांना जाणवत नाही पण लाइव्ह व्ह्यूमध्ये दहापट मोठं करून बघा, कुलंगचा कडा पाण्याखाली असल्यासारखा हलत असतो. मग पंचाहत्तर हजाराची लेन्स असू दे नाहीतर साडेतीन लाखाची, सगळ्यांचा निकाल एकच. माझी स्वतःची ७०-३०० एमएमची आहे, मुंबईच्या बोरा बाजारातून घेतलेली जुनी, आणि २०० च्या आसपास ती एकदम खणखणीत आहे, ३०० ला जरा मऊ पडते म्हणून तिकडं जातच नाही.

तिसरी गोष्ट ट्रायपॉड. इथं लोक कॅमेऱ्याची लेव्हल बघतात, खरं बघायचं असतं ते हेडच्या, म्हणजे कॅमेरा बसतो त्या फिरत्या भागाच्या खालचं, म्हणजे ज्या आसाभोवती फिरणार तो आस सरळ उभा आहे का. तो एक अंशाने जरी कलता असला तरी फिरवत गेलं की क्षितिज फ्रेममध्ये वर वर किंवा खाली खाली सरकतं, वाइडमध्ये ते कुणाला कळत नाही, इथं अख्खी फ्रेमच साडेसहा अंशांची, त्यात अंशभर गेला की कडा कापला गेला समजा. म्हणून आधी कोरडी फेरी मारायची, रतनगडापासून धोडपपर्यंत नुसतं फिरवून बघायचं, मगच शटरला हात. वाऱ्याचं काय सांगू, कळसूबाईवर वारा नसलेला दिवस मी तरी पाहिलेला नाही. मधला दांडा वर काढायचा नाही, पाय पूर्ण लांबवायचे नाहीत, बुटकाच ठेवायचा, आणि वाऱ्याच्या बाजूला आपण उभं राहायचं, शरीराचा तेवढा तरी उपयोग. सॅक खाली लटकवतात काही जण, ती झुलते, त्यापेक्षा जमिनीला टेकेल अशी बांधा.

बाकी सेटिंग कंटाळवाणं पण महत्त्वाचं म्हणून पटकन सांगतो, सगळं मॅन्युअल. एक्सपोजर सगळ्यात उजळ भागावर धरून कायम, व्हाइट बॅलन्स कायम, फोकस एकदा लांबच्या कड्यावर करून रिंगला चिकटपट्टी. लेन्सचं छिद्र एफ ८ पुरे, क्रॉप सेन्सरवर २०० एमएमला अडीचशे मीटरच्या पुढचं सगळं त्यात धारदार येतं. शटर ५०० च्या वर, त्यासाठी आयएसओ ४०० करावा लागला तर करा, थोडा दाणा चालतो, हललेला फोटो चालत नाही. रॉमध्येच, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्येच काढा. आणि पोलरायझर, म्हणजे आकाश गडद करणारा तो फिल्टर, लावू नका, हे मात्र जरा थांबून सांगतो. पोलरायझरचा परिणाम सूर्यापासून नव्वद अंशांवर सगळ्यात जास्त होतो. आपण सूर्याला पाठ करून अर्ध वर्तुळ काढतोय, म्हणजे पट्टीची दोन्ही टोकं बरोबर त्या नव्वद अंशांवर येणार आणि मध्य सूर्याच्या विरुद्ध. परिणाम असा की रतनगडावर आणि धोडपवर गडद निळं आकाश आणि मध्ये कुलंगवर फिकट. नंतर ते सरळ करता करता नाकी नऊ येतात.

फ्रेम साडेचार अंशांची, एक तृतीयांश भाग पुढच्या फ्रेमवर चढवायचा म्हणजे दर वेळी तीन अंश सरकायचं, हेडवर अंशाच्या खुणा असतील तर डोळे झाकून होतं. १८० अंशांना साठ फ्रेम. दोन-तीन मिनिटांत उरकायचं, कारण ढगांच्या सावल्या थांबत नाहीत. एक फेरी झाली की लगेच दुसरी, मग तिसरी, एका फेरीत कुलंगवर सावली असेल तर दुसऱ्या फेरीतली तेवढी फ्रेम उचलता येते. लोक नोडल पॉइंटवाली, म्हणजे लेन्समधल्या ठरावीक बिंदूभोवती कॅमेरा फिरवणारी महागडी पट्टी घ्या म्हणतात, डोंगर किलोमीटरांवर असताना तिची काडीची गरज नाही, मात्र खालच्या कोपऱ्यात दहा फुटांवरचं रेलिंग किंवा गवताचा तुरा येऊ द्यायचा नाही, ते दोन फ्रेममध्ये जुळणार नाही.

आणि वर तुम्ही एकटे नसता, हे गृहीत धरा. शनिवार-रविवारी तर जत्रा असते. मोठी लेन्स दिसली की माणसं येतातच. "दादा, एवढी लांब लेन्स म्हणजे पक्ष्यांसाठी ना?" नाही हो, डोंगरांसाठी. "मग हलवताय कशाला सारखी?" त्यांना स्क्रीनवर रतनगड मोठा करून दाखवला की एकदम गप्प होतात आणि मग हळूच, "आमचा एक ग्रुप फोटो काढता का, देवळासमोर?" तो काढून द्यायचा, आनंदाने, पण पूर्ण फेरी झाल्यावर, कारण ट्रायपॉडवरून काढून परत लावला की सगळं गणित पहिल्यापासून.

घरी आल्यावर जोडणी. मी हगिन नावाचं सॉफ्टवेअर वापरतो, फुकट आहे आणि कुणी काही म्हणो, कामाचं आहे. पीटीगुई जलद आहे पण विकतचं. हगिन दोन फ्रेममधले सारखे बिंदू शोधतं आणि त्यावरून जुळवतं, त्यातले ढगांवर पडलेले बिंदू आधी उडवायचे, कारण ढग सरकलेले असतात, त्यासाठी त्यात सोय आहे. अडतं ते उत्तरेकडे, नाशिकच्या सपाटीवर, धुरकट हवेत समोर काही ठळक नसतंच, मग बिचाऱ्याला बिंदू सापडत नाहीत, तिथं हाताने द्यायचे, एखादं शेततळं, शेडचं पत्र्याचं छप्पर, रस्त्याचं वळण. चहा घेऊन बसायचं काम आहे. प्रोजेक्शन सिलिंड्रिकल, म्हणजे नळकांड्यावर गुंडाळल्यासारखं ठेवा, एवढ्या अरुंद पट्टीत वाकडंतिकडं काही होत नाही, वाइडच्या पॅनोरमात कडेचे डोंगर जसे ओढल्यासारखे होतात तसं इथं नाही.

तयार होणारी फाइल मात्र अवाढव्य. एक लाख साठ हजार पिक्सेल रुंद, सहा हजार उंच, म्हणजे जवळजवळ शंभर कोटी पिक्सेल. जेपेगमध्ये ती बसतच नाही, जेपेगची मर्यादा ६५,५३५ पिक्सेल. फोटोशॉपच्या साध्या पीएसडीची ३०,०००, म्हणून पीएसबीमध्ये ठेवावी लागते, तिथं तीन लाखांपर्यंत चालतं. धुरकटपणा काढायचा तर डिहेजचा स्लायडर उजवीकडे रेटू नका, सगळीकडे सारखा लागतो आणि जवळचा अलंग जळून काळा होतो. मी लांबच्या भागासाठी लाल चॅनेलचा, म्हणजे फोटोतल्या नुसत्या लाल उजेडाच्या थराचा आधार घेतो, धुरकट हवा निळा उजेड जास्त विखुरते आणि लाल कमी, त्यामुळे लालमध्ये सातमाळेच्या कडा बऱ्यापैकी सुटतात, तेवढा भाग मास्क लावून हळूच मिसळायचा. रंग थोडा बदलतो, चालतं.

मग येते खरी मजा, ज्यासाठी हा सगळा उपद्व्याप. ओळखपरेड. पीकफाइंडर हे ॲप उघडायचं, त्यात कळसूबाई टाकायचं, ते डोंगरांच्या कडांचं रेखाचित्र काढून देतं, आणि आपली पट्टी त्याच्याशेजारी लावून एकेकाला नाव द्यायचं. अंजनेरी आणि ब्रह्मगिरी सोपे. सप्तशृंग आणि मार्कंड्या जरा डोकं खाजवायला लावतात. धोडप माथ्याच्या शिवलिंगासारख्या आकाराने सापडतो, एकदा दिसला की परत चुकत नाही. पण ॲपवर सगळं सोडू नका. आमच्या ओळखीतले एक काका आहेत, सत्तरी ओलांडलेले, ऐन उमेदीत नाशिकचा एकेक किल्ला पायाखाली घातलेले. एकदा ईशान्येची एक वेगळी पट्टी काढली होती, ती त्यांना लॅपटॉपवर दाखवत होतो. मी म्हटलं, काका, हा औंढा. त्यांनी चष्मा वर केला, स्क्रीनला नाक लावलं, म्हणाले, "अरे बाळा, औंढा बाजूला सुळक्यासारखा आहे तो. हा पट्टा. या पवनचक्क्या दिसत नाहीत का तुला?" आणि होत्या की, पठारावर पांढऱ्या काड्या, त्यातल्या एकीचं पातं अर्धं एका फ्रेममधलं आणि अर्धं पुढच्या फ्रेममधलं, म्हणून मोडल्यासारखं दिसत होतं. काका तासभर हलले नाहीत. कुठल्या घळीतून चढले, कुठं पाणी मिळालं, कुठल्या वाडीत भाकरी खाल्ली, सगळं बोट ठेवून. मी नावं लिहून घेत होतो, त्यातली निम्मी कुठल्याच नकाशावर नाहीत.

छापायचं ठरवलं तेव्हा पंचाईत, सत्तावीसास एक असं प्रमाण, एक फूट उंची ठेवली तरी लांबी सत्तावीस फूट. फोटो लॅबवाल्यांनी हात वर केले. शेवटी गेलो आमच्या कोपऱ्यावरच्या फ्लेक्सवाल्याकडे, त्याच्याकडे लांबीचं कुणाला कौतुक नाही, तो रोज चाळीस-चाळीस फुटांचे छापतो. फाइल उघडून त्याने दोन्ही टोकांपर्यंत सरकवून पाहिलं आणि विचारलं, "यात फोटो कुणाचा टाकायचा? दादांचा पाठवा, मध्ये मोठा बसेल." म्हटलं कुणाचाच नाही, डोंगरच आहेत. "वाढदिवस नाही?" नाही. मग त्याला रस आला, त्याने तीन पट्ट्या करून एकाखाली एक लावायचं सुचवलं, नऊ-नऊ फुटांच्या, फ्लेक्सऐवजी मॅट विनाइलवर, आणि खरंच छान छापून दिलं.

ती आता आमच्या हॉलच्या लांब भिंतीवर आहे. परवा घोटीच्या मावशी आल्या होत्या. त्यांनी चहा तसाच ठेवला आणि मधल्या पट्टीपाशी जाऊन उभ्या राहिल्या.

"यात आमचं घर कुठंय?"

मी घोटी दाखवली, कळसूबाईपासून पंधरा-सोळा किलोमीटर, एक पिक्सेल तीस सेंटिमीटर, म्हणजे घर तीस-चाळीस पिक्सेलचं असायला हवं. पण त्या सकाळी त्या भागावर धुक्याचा पातळ पदर होता, छपरं नुसती पांढुरकी.

"दुपारी काढायचा ना मग, धुकं गेल्यावर."

दुपारी हवा हलते, मावशी.

"हवा कशी हलेल? आम्ही तिथंच राहतो, आम्हाला नाही कधी दिसली हलताना." मग जरा विचार करून, "बरं, परत जाशील तेव्हा आदल्या दिवशी फोन कर. आम्ही दोघं गच्चीत उभी राहतो, ह्यांना लाल शर्ट घालायला सांगते."

म्हटलं, पाच पिक्सेल याल.

"येऊ की. तू तेवढा फोन कर."